निळ्या भिंतीची खोली

पांढऱ्या चादरी लावायची कल्पना राजेंद्रची.

पावणेदोन वाजता तो स्टुलावर चढला. त्याची बायको मृणाल खालून टेपचे तुकडे तोडून देत राहिली, आणि दहा मिनिटांत माडीवरच्या मागच्या खोलीतली निळी भिंत छतापासून जमिनीपर्यंत झाकली गेली. चार चादरी, इस्त्रीच्या घड्या अजून उठून दिसणाऱ्या. बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मृणालने आधीच उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले होते, खाली स्वच्छ रुमाल अंथरून.

"झालं," राजेंद्र हात झटकत म्हणाला. "भिंतही राहिली, पोरीचं कामही होईल. कशाला रंगवाबिंगवायला पाहिजे?"

"मी तेच म्हणत होते," मृणाल म्हणाली. "पांढऱ्यानं कुणाचं काय बिघडणार?"

गिरिजा दारात उभी होती. सकाळपासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तिची दोन्ही मुलं आपापल्या सोयीने लावत होती.

आज गिरिजाच्या नवऱ्याला, काशीनाथला, जाऊन वर्ष झालं. पाच वाजता पुण्यानुमोदन. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समधली जुनी मंडळी येणार, नेहमीप्रमाणे याच खोलीत वंदना होणार: आठ-नऊ जण आत, उरलेले पॅसेजमध्ये, त्यातूनही उरलेले जिन्याच्या पायऱ्यांवर, आणि सगळ्यांची तोंडं या भिंतीकडे. एक्याण्णव साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या आठवड्यात, काशीनाथने ती रंगवली होती. वोल्व्हर्टनच्या कारखान्यात रेल्वेचे डबे रंगवणारा माणूस. दुकानातला निळा त्याला पटेना. त्याने स्वतः रंग कालवला, चार हात दिले, आणि प्रमाण कुठेही लिहून ठेवलं नाही.

गेले नऊ महिने त्याच भिंतीसमोर त्याची नात सिनेमे रंगवत होती.

ऋजुता कलरिस्ट होती. शूटिंग होऊन, कापून, जोडून झालेल्या सिनेमाचा एकेक शॉट समोर घ्यायचा आणि त्याचा उजेड, सावली, रंग ठरवायचा, हे तिचं काम. मंगळवार-बुधवार लंडनच्या स्टुडिओत, बाकीचे दिवस घरून. आबा गेले, आजी एकटी पडली, तेव्हा तिने लंडनची खोली सोडली आणि आपला मॉनिटर, आपली यंत्रं घेऊन ती इथे आली. कुणी सांगितलं नव्हतं. आईबाप बेसिंगस्टोकला, आत्या रूपाली तीन राउंडअबाउट पलीकडे. पण घरात रात्री दुसरा श्वास हवा, हे सत्तावीस वर्षांच्या पोरीला कळलं.

गेल्या आठवड्यात कंपनीने तिला कळवलं: तुझी लंडनला केलेली रिळं चांगली असतात, घरी केलेली बिघडतात. स्क्रीनमागची भिंत राखाडी हवी. शनिवारी, म्हणजे आज दुपारी, दिग्दर्शिका स्वतः लाइव्ह बसेल. तेव्हा जमलं तर घरून काम चालू राहील. नाही जमलं तर सोमवारपासून पाचही दिवस लंडन.

म्हणजे ऋजुता तिकडेच खोली घेणार. म्हणजे या घरात गिरिजा आणि...

*

सकाळी, चहाच्या वेळी:

रूपाली: "रंगवून टाका ना. एक भिंत आहे, दादा. बाबांनी आयुष्यभर रंगावर रंगच दिले."

राजेंद्र: "तू बोलू नकोस. दर चौदा एप्रिलला मी कॅमडेनला बाबासाहेबांच्या घरी जातो ना, तिथं लोक मला विचारतात, तुमच्या वडिलांनी रंगवलेली ती भिंत अजून आहे का म्हणून. मी काय सांगू? सिनेमासाठी पुसली?"

मृणाल: "हिला लंडनला राहू दे की मग. करिअरचं वय आहे. आईंना आम्ही बेसिंगस्टोकला नेऊ."

रूपाली: "आईला विचारलंस?"

मृणाल: "रूपालीताई, तुम्ही इतक्या जवळ राहता, आठवड्यातून किती वेळा येता?"

ऋजुता: "स्टॉप इट. कोणी रंगवायचा नाही. तो आबांचा भिंत आहे. मी मॅनेज करेन."

गिरिजा: चहात साखर घातली. ढवळली. दुसऱ्यांदा घातली.

*

"ओ माय गॉड."

ऋजुता कॉफीचा मग घेऊन वर आली आणि उंबऱ्यातच थांबली. मॉनिटर चालू होता, मॉनिटरमागचा छोटा दिवा चालू होता, आणि चादरी अशा पेटल्या होत्या की काळे पडदे लावलेल्या खोलीत शिवणकाम करता आलं असतं.

"पप्पा! हे काय केलंत?"

"भिंत झाकली. तुला निळा नको होता ना? आता रंगच नाही."

"पांढरा म्हणजे रंगच नाही असं नसतं, पप्पा! पांढरा म्हणजे सगळं. सगळा लाइट परत येतो. मला काळा रंग काळा दिसणार नाही, काही दिसणार नाही!" तिने मग खाली ठेवला आणि चादरीचा कोपरा धरून ओढला. टेप चर्रकन निघाली. "आणि तुम्ही सगळे पण पांढऱ्यात. माझ्या मागे कोणी उभं राहू नका, प्लीज."

राजेंद्रने आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. वर्षश्राद्ध-बिद्ध त्यांच्यात नव्हतं, पण या दिवशी पांढरं घालायचं हे त्याने वडिलांकडून घेतलं होतं. त्यात काही चुकेल असं त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

चादरी खाली आल्या. निळी भिंत पुन्हा उभी राहिली. संगणकाने घंटी दिली.

"दोन वाजले. ब्रॉनवेन आली. सगळे खाली जा." मग ऋजुताला आजी दिसली. ती दारातून हलली नव्हती. "आजी... तुला बसायचंय?"

गिरिजाने मान हलवली. नऊ महिन्यांत काम चालू असताना ती एकदाही आत बसली नव्हती. पोरीचं ऑफिस, आपण कशाला लुडबुड करा.

"मग हे घाल." ऋजुताने खुर्चीवरचा आपला राखाडी कार्डिगन तिच्या पांढऱ्या साडीवर चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली, लहान मुलाला लावावीत तशी. "तिकडे कोपऱ्यात. बोलू नकोस."

*

आधी काळोख झाला. मग समुद्र.

गिरिजाने या देशात पुष्कळ समुद्र पाहिला होता. मंडळाच्या सहलीला मुलं नेऊन ब्रायटनला, एकदा ब्लॅकपूलला. हा तसला नव्हता. हा हळूहळू उजळत होता, आणि उजळवत होती ती ऋजुता. तिच्या हाताखाली टेबलात बसवलेले तीन गोळे होते, मोसंब्याएवढे. बोटांच्या टोकांनी ती ते जेमतेम हलवायची. एक गोळा केसभर फिरला आणि ढगांखालचा अंधार दाट झाला. दुसरा फिरला आणि लाटेच्या कडेवर सकाळ आली.

सकाळ आली. तिची नात सकाळ आणत होती.

"मघाशी दुपार होती," गिरिजा न राहवून पुटपुटली.

"शूट दुपारीच केलंय, आजी. स्टोरीत पहाट आहे. श्श."

"गुड आफ्टरनून, ऋजुताज् ग्रॅनी," स्पीकरमधून आवाज आला. ही ब्रॉनवेन. ती वेल्समध्ये, ॲबरिस्टविथला, आपल्या स्वयंपाकघरात बसली होती आणि अगदी हेच चित्र, याच क्षणी, तिच्यापुढच्या स्क्रीनवर होतं. तिची किटली शिट्टी घालताना ऐकू आली. तिच्या बोलण्यात वेल्श हेल होता, पण चाळीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये काढलेल्या गिरिजाला इंग्रजीचे सगळे हेल समजत.

हे कसं होतं? ऋजुताने मागे कधीतरी जेवताना सांगितलं होतं, गिरिजाने तेव्हा अर्धंच ऐकलं. आता ते एकेक करून उलगडलं. कॅमेरा उत्तरेच्या एका बेटावर. चित्रं जोडणारा ब्रिस्टॉलमध्ये, बाळाला एका हातात घेऊन. संगीत ग्लासगोत. होडीला बांधलेले दोर चित्रातून पुसून टाकणारी दोन पोरं पुण्यात. रंग इथे, या भिंतीसमोर. ही सगळी माणसं एकदाही एका छताखाली जमली नव्हती, आणि तरी पडद्यावरच्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ते सगळ्यांनी मिळून आणलेलं होतं. वोल्व्हर्टनला एका डब्याभोवती चाळीस माणसं उभी असत. काशीनाथ त्यांची नावं घेऊन गोष्टी सांगायचा. इथे डबाच नव्हता. हवेतून जाणारं काहीतरी, आणि त्याला चाळीस हात लागलेले.

तिने हात जोडले. आपण हात जोडलेत हे तिला नंतर कळलं.

*

ब्रॉनवेनच्या सूचना, रीळ चार. ऋजुता कागदावर लिहून घेत होती:

समुद्र — सुंदर.

होडी — सुंदर.

म्हातारी, दारात — ओठ निळे का?

म्हातारी, चुलीपाशी — चुलीपाशी आहे ती. थंडीने कुडकुडतेय का?

म्हातारी, लेकीचा हात धरताना — ऋजुता, ती मेलीय का? माझ्या सिनेमात कोणी मरत नाही.

लेक — हीसुद्धा मेली.

*

"मला तर बरोबर दिसतंय," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज वर गेला होता.

"लंडनहून आलेलं रीळ तीन पाहा ना. तिथे बाई जिवंत आहे," ब्रॉनवेन म्हणाली. चिडलेली नव्हती, दमलेली होती. "ही माझी आजी आहे, ऋजुता. म्हणजे नटी आहे, पण माझी आजी आहे. हिच्या गालांवर चुलीचा लाल असायचा. तो मला इथे दिसत नाही. तू घरी काम करतेस तेव्हाच तो जातो. मला सोमवारी स्टुडिओला उत्तर द्यायचंय."

"मी ॲडजस्ट करतेय. आकडे बघून."

"आकडे बघून आजी येणार नाही."

ऋजुताने गोळा फिरवला. पुन्हा फिरवला. गिरिजाला स्क्रीनवरचं काही चुकल्यासारखं वाटेना. म्हातारी छान दिसत होती, जरा फिक्कट, पण छान. तिने नजर सरकवली. स्क्रीनभोवती, छोट्या दिव्याच्या उजेडात, निळी भिंत उमलल्यासारखी दिसत होती. चार बाजूंनी निळं. मधे चित्र. आपण दोघीही तासभर याच निळ्यात...

गिरिजाने झटकन डोळे मिटले. उघडले. खाली पाहिलं, आपल्या मांडीवर, राखाडी कार्डिगनवर. पाहत राहिली. लोकरीची वीण मोजली. मग एकदम मान वर केली.

स्क्रीनवर एक निळी पडलेली म्हातारी होती.

"थांब," ती म्हणाली. मोठ्याने. मराठीत. "थांब गं. तुझा डोळा भरलाय."

"आजी, प्लीज, मी कॉलवर—"

"भिंत रंगवताना यांचा असाच भरायचा. तासभर निळं मारलं की उतरायचे आणि मागच्या पायरीवर जाऊन फरशीकडे बघत बसायचे. मी विचारलं, रंग बरा आलाय का? तर म्हणाले, आत्ता मला विचारू नको, माझा डोळा निळा झालाय, मला निळं आता निळं दिसत नाही. डोळा धुवून येतो." तिने श्वास घेतला. "तुला निळं दिसतच नाहीये, बाळा. म्हणून तू आणखी घालतेस."

ऋजुताने हात गोळ्यांवरून काढून घेतले.

"तुला माहीत होतं," गिरिजा म्हणाली. आता हळू. "पहिल्यापासून."

ऋजुताने मान खाली घातली. "मला वाटलं, जमेल. तुला कसं विचारायचं होतं? तो भिंत म्हणजे आबाच आहेत ना."

"तिला सांग, दहा मिनिटं थांब म्हणावं."

*

जिन्यावरून: "राजू! घरात राखाडी काय आहे?"

"काय?"

"राखाडी! रंग! काय आहे?"

रूपाली हातात खिरीचा डाव घेऊनच बाहेर आली. मृणालने सोफ्यावरची शाल ओढली. ती मातकट निघाली. राजेंद्रने गाडीतून आपलं जॅकेट आणलं. त्यावर रेघा होत्या. शाळेचे जुने युनिफॉर्म, उशीचे अभ्रे, टेबलाचं कापड... पांढरं, पिवळं, लाल, निळं, निळं, निळं. या घरात राखाडी असं काही कधी कुणी हौसेने विकत घेतलं नव्हतं. शेवटी पाहुण्यांच्या पलंगाच्या कप्प्यातून एक जाड ब्लँकेट निघालं, विमानतळाच्या धावपट्टीसारखं राखाडी.

"हे लावायचं कशानं?" मृणाल म्हणाली. "टेप संपली."

राजेंद्र मॉनिटरच्या मागे गेला, भिंतीला पाठ लावली, ब्लँकेटचं एक टोक उजव्या हातात, दुसरं डाव्या हातात धरून हात डोक्यावर पसरले. खाली उरलेलं त्याच्या पांढऱ्या शर्टावर, पायांवर पडलं. भिंत गेली. बायकोने एका बाजूचं टोक धरायला हात पुढे केला, तर त्याने मान हलवून तिला बाजूला केलं.

"तू खाली जा. खीर लागेल."

गिरिजाने ऋजुताच्या मागे उभं राहून तिच्या डोळ्यांवर दोन्ही तळहात ठेवले. सत्तर वर्षं भाकऱ्या थापलेले, सुरकुतलेले, कोरडे हात. पाच मिनिटं. पोरीचा श्वास तिच्या मनगटावर लागत होता, आधी भराभर, मग सावकाश. वंदनेच्या आधी बसतात तसं कुणी न सांगता सगळे गप्प झाले होते.

"उघड."

ऋजुताने स्क्रीन पाहिला.

"शिट," ती म्हणाली. आणि मग, आजी आहे हे आठवून, "सॉरी."

*

मग जे झालं ते गिरिजा पुढे कुणाला नीट सांगू शकली नाही. रूपालीने किती खोदून विचारलं. ती एवढंच म्हणायची, रक्त आलं.

ऋजुताने गोळा हलवला, आणि म्हातारीच्या ओठांत रक्त आलं. चुलीचा उजेड होताच. तो आता तिच्या गालाला लागला. हनुवटीखालची कातडी, जी आतापर्यंत मेणासारखी होती, ती कातडी झाली. कानाची पाळी, उजेड आरपार जाणारी. नखं. लेकीने हात धरला तेव्हा दोन हातांचे दोन रंग दिसले, एक उन्हातला, एक घरातला. समुद्राचा निळा होता तितकाच राहिला; पण आता त्याच्यापुढे माणसं उभी होती.

काशीनाथ चौथा हात देऊन मागे सरकायचा, डोळे बारीक करायचा, आणि काही न बोलता ब्रश धुवायला जायचा. ऋजुताने खुर्ची मागे सरकवली. डोळे बारीक केले.

गिरिजाने कधी हिला ते शिकवलं नव्हतं. त्यांनी शिकवलं असेल? कधी? बोटभर पोर असताना, मागच्या अंगणात कुंपण रंगवताना? की कुणी शिकवावंच लागत नाही?

ऋजुता स्पीकरकडे वाकली.

"ब्रॉनवेन? आर यू देअर?"

"हो," ब्रॉनवेन म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज झाला. "ती इथे आहे. माझ्या स्वयंपाकघरात आहे." मग, आवाज सावरून: "तू आत्ता काय बदललंस ते मला माहीत नाही. ते तसंच ठेव. सोमवारी तसंच असलं तर पुढचं सगळं तू तिथूनच कर. आता पुढचा शॉट."

पुढचा शॉट. त्याच्या पुढचा. पाऊण तास.

पाऊण तास राजेंद्र हात पसरून उभा होता. त्याला स्क्रीनचा पाठीमागचा भाग तेवढा दिसत होता, वायरी आणि एक हिरवा ठिपका. पण त्याच्या समोर त्याची आई आणि त्याची मुलगी होत्या, आणि सिनेमाचा सगळा उजेड त्या दोघींच्या तोंडांवर पडत होता. गिरिजाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, मंडळाचा सेक्रेटरी, दंड थरथरताहेत. आणि तो असा बघत होता, जणू ज्यासाठी रांगेत उभं राहावं असं काही तिथे चाललं आहे.

*

कॉल संपला. राजेंद्रचे हात खाली आले, ते त्याचे त्याला वाकवता येईनात.

"सोमवारी पण असाच उभा राहणार आहेस?" गिरिजाने विचारलं.

तो हसला. मग हसू मावळलं. त्याला उत्तर कळलं होतं.

"माझ्या गाडीत राखाडीचा डबा आहे," ऋजुता म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "बूटमध्ये, स्पेअर व्हीलच्या खाली. पाच आठवडे झाले."

"रोलर?"

"तो पण."

"आण."

"आत्ता? आजी, एका तासात सगळे येतील."

"म्हणूनच आत्ता. उद्यापर्यंत माझा विचार बदलेल."

आणि इथे, सकाळपासून रंगवा रंगवा म्हणणारी रूपाली दारात येऊन उभी राहिली, आणि डबा उघडताना पाहून तिला रडू फुटलं. "नको आई. खरंच नको. मी उगाच म्हणत होते. दादाला चिडवायला म्हणत होते." ती भिंतीपाशी गेली, हाताचा पंजा सपाट लावला. "निदान दुकानात नेऊन रंग मोजून घेऊ. मशीनवर ठेवलं की सेम टू सेम बनवून देतात. खालच्या खोलीत लावू."

"मशीन वरचा हात मोजेल," गिरिजा म्हणाली. "खाली अजून तीन आहेत. सकाळी वेगळा दिसतो हा, दिवा लावला की वेगळा. ते कुठल्या डब्यात भरशील?"

"मग जाऊच का द्यायचा?"

गिरिजाने भिंतीकडे पाहिलं. चौतीस वर्षं रोज सकाळी पाहिलेला निळा. नवरा गेल्यावर वर्षभर तिने त्याच्याकडे पाहत चहा प्यायला होता, नऊ महिने पोरगी कामाला बसायच्या आधी उठून. तिला वाटायचं, भिंत राहिली म्हणजे माणूस राहिला. आज दुपारी, काळोखात, तिने माणूस दुसरीकडे पाहिला. डोळे बारीक करताना.

"मृणाल," राजेंद्र म्हणाला, "खाली वर्तमानपत्रं अंथर."

"तुम्हीच म्हणालात ना, कॅमडेनला लोक—"

"अंथर गं."

पहिला पट्टा गिरिजाने मारला. रोलर जड होता. तिच्या खांद्यावरून ऋजुताने हात लावला, आणि राखाडी एक रुंद रेघ खालून वर गेली. निळा लगेच गेला नाही. आतून दिसत राहिला, पाण्याखाली असल्यासारखा. दुसऱ्या पट्ट्याखालीही. रूपाली नाक पुसत कडेच्या पट्ट्या करू लागली. तिचा हात बापासारखा सरळ होता, आणि ते तिलाही आज प्रथमच दिसलं असावं, कारण ती मधेच थांबून आपल्याच रेघेकडे बघत राहिली.

*

पाच वाजायला पाच मिनिटं असताना बेल वाजली. कमलाकर नेहमीसारखे सर्वांच्या आधी. वोल्व्हर्टनला काशीनाथबरोबर एकवीस वर्षं एकाच शिडीवर काम केलेला माणूस. गुडघे गेलेले, तरी जिना चढून आधी या खोलीत. मागोमाग बाकीचे. पांढरे शर्ट, पांढऱ्या साड्या, जिन्यात हळूहळू दबकत थांबलेल्या. ओल्या रंगाचा वास पॅसेजभर.

कमलाकर उंबऱ्यात थबकले. समोर राखाडी भिंत, ओली, ठिकठिकाणी आतून निळी. खिडकीच्या कट्ट्यावर बुद्ध आणि बाबासाहेब.

"हे काय, राजेंद्र?"

सगळे थांबले. मृणालने नवऱ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला जन्मभर कुणी ना कुणी विचारणार होतं, इथे, बेसिंगस्टोकला, कॅमडेनला, आणि त्याचं उत्तर आज पहिल्यांदा द्यायचं होतं.

राजेंद्रच्या कपाळाला राखाडी लागला होता.

"बाबांच्या भिंतीचं काम चालू आहे, काका," तो म्हणाला. "दुसरा हात सकाळी."

कमलाकरांनी भिंतीकडे पाहिलं. जवळ गेले, मागे आले. खाली वाकता येत नव्हतं म्हणून काठीने दाखवलं.

"तिकडे सुटलंय. कोपऱ्यात."

खरंच सुटलं होतं. जमिनीलगत, तळहाताएवढा निळा, कोरडा, जसाच्या तसा.

"राहू दे, आई," रूपाली घाईने म्हणाली. "तेवढं राहू दे."

गिरिजाने तिच्याकडे पाहिलं, मग ऋजुताकडे. या वेळी ऋजुताने 'मी मॅनेज करेन' म्हटलं नाही.

गिरिजाने बारीक ब्रश घेतला आणि भिंतीला एक हात टेकवत, सावकाश, वर्तमानपत्रावर खाली बसली.

"आजी, तुझा साडी!"

"असू दे."

तीस माणसं खोलीत, पॅसेजमध्ये, जिन्यावर उभी होती. तिने ब्रश बुडवला, कडेला निथळून घेतला, आणि कोपरा भरला. एकदा उभा, एकदा आडवा. मग मान थोडी मागे घेऊन तिने पाहिलं, आणि ऋजुताने पुढे केलेला हात धरून उठली.

"बसा सगळे," ती म्हणाली. "भिंतीला टेकू नका फक्त."